मतपत्रिकेची मागची बाजू

एल्क हॉलो
१० नोव्हेंबर

ब्रिटा,

फोन हातात घेतला की तो जड होतो, म्हणून पत्र लिहिते आहे. शहरात टपाल उघडतं कोण, असं म्हणशील. उघड. बिल नाही, आईचं आहे.

निवडणूक झाली. वरच्या, राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीचं काय झालं ते तुला मॅडिसनमध्ये माझ्याआधीच कळलं असणार, आणि तू दोन दिवस नीट जेवली नसशील हेही मला माहीत आहे. त्यावर मी काही बोलत नाही. इथे मंडळी खुशीत होती. मीही होते, खोटं कशाला सांगू. पण आपल्या गावाचा स्वतःचा निकाल लागला आणि सगळ्यांची तोंडं उतरली. अँब्युलन्सचा ठराव पडला. कर थोडा वाढवून गाडी चालू ठेवायची की नाही, एवढाच प्रश्न होता. हो म्हणणारे ३१८, नाही म्हणणारे ३१८. बरोबरी झाली की ठराव पडतो. ३१ डिसेंबरनंतर गाडी बंद. तुझ्या बाबांनी दूध वाहून झाल्यावर उरलेल्या वेळात एकोणीस वर्षं चालवलेली गाडी आता दुसऱ्या गावाला विकायची.

आणखी एक सांगायचं आहे. तुझं मत मोजलं गेलं नाही. तू टपालाने पाठवलेल्या लिफाफ्यावर साक्षीदाराची सही होती, पण पत्ता नव्हता. तुझी ती खोलीतली मैत्रीण, मेसी, तिने सही ठोकली आणि खालची ओळ कोरी सोडली. साक्षीदाराचा पत्ता नसला तर लिफाफा उघडायचाच नाही, हा कायदा मी केलेला नाही. गावाची कारकून तुझी आई असली तरी नियम सगळ्यांना सारखाच. वेळही कमी होता. पुढच्या खेपेला बघून पाठवत जा.

डोना मावशीने तुला आठवण सांगितली आहे. मतदानाच्या दिवशी ती नेहमीसारखी केंद्रावर मदतीला माझ्या शेजारी बसली होती, तिचा रुबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन. तुझे लोकरी मोजे वरच्या कप्प्यात सापडले, पाठवते.

आई

२ डिसेंबर

ब्रिटा,

मोजे पोचले का, एवढं तरी कळव. या पुडक्यात हरणाचं सॉसेज आहे. डोनाच्या नवऱ्याने, व्हर्लिनने, शिकारीच्या दुसऱ्याच दिवशी मोठा नर पाडला आणि निम्म्या आळीला खायला घातला. डोना म्हणाली, एक पाकीट पोरीला पाठव, शहरात तिला पाला खायला घालत असतील.

गावात सध्या एकच खेळ चालू आहे, कुणी नाही म्हटलं ते ओळखायचा. व्हर्लिनला ओळखायची गरजच नाही. तो पेट्रोल पंपावर उभा राहून सांगतो, "मी नाही म्हटलं. मी पुरेसा कर भरतो. मला काही झालं तर ट्रॅक्टरवर बसून जाईन." डोनाने हो म्हटलं होतं. एका घरातली दोन मतं एकमेकांना मारून मोकळी झाली.

तुझे बाबा होते तोवर ते आणि मीही दर खेपेला तेच करायचो, तुला आठवतं? ते त्या पक्षाचे, मी या. जाताना एकाच गाडीत, येताना एकाच गाडीत. ते म्हणायचे, "आर्लिस, आपण घरीच बसलो असतो तरी हिशेब तोच होता, पेट्रोल वाचलं असतं." आणि मग मासे खायला घेऊन जायचे. त्यांनी माझं मत मारलं की मला हसू यायचं. तू मारणार म्हटल्यावर मला राग आला. का, ते मला अजून धड सांगता येत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की वेळ कमी होता. तुझा लिफाफा २१ ऑक्टोबरला आला होता. मतदानाला पंधरा दिवस होते.

माझी पद्धत तुला माहीत आहे. कुणाच्या लिफाफ्यात काही राहिलं असेल तर मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोन करते. कायद्यात तसं लिहिलेलं नाही. माझ्या आधीच्या बाई करायच्या, म्हणून मी करते. तुझे बाबा गाडीवर होते तेव्हापासून आपल्या घरून फोन गेला की लोकांच्या छातीत धस्स होतं, म्हणून माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "घाबरू नका, कुणी गेलेलं नाही, फक्त सही राहिली आहे." या वर्षी अकरा लिफाफे अडले होते. म्हाताऱ्या हाल्व्हरसनला तीन वेळा फोन केला, तेव्हा कुठे तो बायकोला पिकअपमध्ये घालून घेऊन आला आणि दोघं माझ्या टेबलाशी पाऊण तास भांडले. असे दहा जण.

अकरावा तुझा. पोटच्या पोरीसाठी धावाधाव केली असं लोक म्हणाले असते, म्हणून नाही केला. मी मनाला तरी तसंच सांगितलं होतं.

सॉसेज उकडून मग तव्यावर परत. थेट तव्यावर टाकलंस तर फुटतं.

आई

७ जानेवारी

ब्रिटा,

हे पत्र बसून वाच.

डोना मावशीला रविवारी अर्धांगाचा झटका आला. चर्चच्या तळघरात, प्रार्थनेनंतर कॉफी चालली होती तेव्हा. ती बश्या गोळा करत होती. तिच्या हातातून एक बशी पडली आणि ती त्या बशीकडे बघतच राहिली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. व्हर्लिनने फोन लावला. पलीकडून जिल्ह्याच्या गावातली गाडी निघाली, एकतीस मैलांवरून, वर बर्फ. आपली गाडी असती तर चर्चपासून दोन गल्ल्या. तिची मोकळी शेड खिडकीतून दिसत होती.

अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. मी जमिनीवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. व्हर्लिन दारात उभा होता, टोपी हातात, आणि रस्त्याकडे बघत होता. त्या सगळ्या वेळात तो एकदाच बोलला. "पॅटर्सनच्या वळणावर घसरण असेल," एवढंच.

ती जगली. उजवी बाजू गेली आहे. बोलणं जवळजवळ गेलं आहे. शब्द तोंडापर्यंत येतात आणि तिथेच अडकतात. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

गावात सगळे व्हर्लिनकडे बघतात. त्याच्या पेट्रोल पंपावरच्या बढाया सगळ्यांनी ऐकल्या आहेत. काल दुकानात कुणीतरी त्याच्या पाठीमागे म्हणालं, "आता बस म्हणावं ट्रॅक्टरवर." तो ऐकून न ऐकल्यासारखा पाव घेऊन निघून गेला. मी तिथेच उभी होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

तुला हे कळायला हवं म्हणून लिहिलं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

आई

२० जानेवारी

ब्रिटा,

चार वेळा सुरुवात करून कागद फाडले. आता जसं येईल तसं लिहिते.

जुलैतल्या त्या सुट्टीच्या जेवणाला तू काय म्हणालीस ते मी कितीतरी जणांना सांगितलं आहे. तू म्हणालीस, "या गावातले लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात आणि वर टाळ्या वाजवतात." हे सांगितलं की समोरचा म्हणतो, शहरात गेलं की पोरं अशीच होतात, आणि मला बरं वाटतं. मी काय म्हणाले ते मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "तुझं मत तिकडे शहरात दे. या घराच्या पत्त्यावरून माझं मत मारायला येऊ नकोस." तू ताटातलं कणीस अर्धं टाकून उठलीस. ते घर तुझंही आहे. तुझ्या बाबांनी बांधलेलं आहे.

म्हणून तुझा लिफाफा आला तेव्हा मला काय वाटलं, सांगू? वाटलं, आलीच मारायला. मग मी उलटा करून बघितला आणि पत्त्याची ओळ कोरी दिसली. मला बरं वाटलं, ब्रिटा. लाज वाटते लिहिताना, पण बरं वाटलं. मी लिफाफा पोलादी पेटीत ठेवला आणि हाल्व्हरसनला फोन लावला. दहाही फोन मी त्याच आठवड्यात केले. दर वेळी तुझा लिफाफा हाताला लागायचा आणि मी तो खाली सरकवायची. लोक काय म्हणतील वगैरे मी नंतर शोधून काढलं.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की अँब्युलन्स माझ्या डोक्यात आलीच नाही. तो प्रश्न मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला होता, अगदी खाली. मतपत्रिका मीच छापून घेतल्या होत्या. सगळ्यात जास्त वेळा ती मागची बाजू वाचलेली बाई मीच. पण तुझा लिफाफा हातात आला की मला फक्त पुढच्या बाजूची वरची दोन नावं दिसायची. मी स्वतः गाडीसाठी हो म्हटलं होतं. घरोघर फिरून लोकांना सांगितलं होतं. आणि ती गाडी एकोणीस वर्षं चालवणाऱ्या लाइल टोलेफसनची मुलगी तिला काय म्हणेल, हा विचार त्याच्या बायकोला शिवला नाही.

अजून एक आहे. मतदानाच्या दिवशी दुपारी आम्ही टपालाचे लिफाफे तपासायला घेतले. तुझा डोनाच्या हाती आला. ती म्हणाली, "आर्लिस, हिचा पत्ता राहिलाय. पोरीला फोन केला होतास ना?"

मी म्हणाले, "केला होता. उचलत नाही ती."

"मग पुन्हा कर. आठपर्यंत वेळ आहे. दोन तासांचा रस्ता, येईल मैत्रिणीला घेऊन."

"राहू दे. तिला आता तिकडचीच पडली आहे."

डोनाने माझ्याकडे बघितलं. ती मला चाळीस वर्षं ओळखते. मग तिने लिफाफ्यावर नामंजूर असं लिहिलं, तिच्या त्या शाळेतल्या बाईंसारख्या गोल अक्षरात, आणि पेटीत टाकला.

आता मी रोज दुपारी तिच्याकडे जाते. सूप भरवते. लोक म्हणतात, आर्लिससारखी मैत्रीण मिळायला नशीब लागतं. माझं खोटं ऐकलेलं एकच माणूस आहे आणि त्या माणसाला बोलता येत नाही, आणि मी त्याला चमच्याने भरवते. परवा तिने तोंड मिटून घेतलं. पोट भरलं असेल. मी मात्र मोरीत जाऊन रडले.

कायद्याने मी काही चुकलेली नाही. मी जिल्ह्याच्या कचेरीत विचारून घेतलं, कुणाचं नाव न घेता. तिथली बाई म्हणाली, फोन करणं बंधनकारक नाही, तुम्ही करता तो तुमचा चांगुलपणा. फोन ठेवल्यावर मला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

एक मत, ब्रिटा. एकच कमी पडलं.

आई

१६ फेब्रुवारी

ब्रिटा,

तुझं पत्र आलं. सात महिन्यांनी तू माझ्याशी बोललीस. पत्र लहान आहे, मला पाठ झालं आहे, तरी इथे उतरवून काढते, म्हणजे मी त्यातलं काही माझ्या सोयीने विसरणार नाही.

"आई, माझा लिफाफा अडला आहे हे मला २३ ऑक्टोबरलाच कळलं होतं. सरकारी वेबसाइटवर दिसतं. मेसीला घेऊन मी येऊ शकले असते. आले नाही. तू सगळ्यांना फोन करतेस. मला करतेस का, ते बघत होते. तेरा दिवस फोन आंघोळीलाही बरोबर नेला. तेव्हा गाडी तू एकटीने बंद पाडलेली नाहीस. आणि आणखी एक. पुढची बाजू मी कोरी ठेवली होती. तुझं मत मारू नको म्हणाली होतीस ना. फक्त मागची बाजू भरली, बाबांच्या गाडीला हो म्हटलं. डोना मावशी चमचा स्वतः धरते का आता?"

हे वाचून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही सांगते, कारण आता लपवायचं नाही असं ठरवलं आहे. पहिल्यांदा आलं, हे खरं कशावरून? निवडणुकीच्या नावाने घरात रान उठवणारी मुलगी वरची जागा कोरी ठेवेल? आता कुणीही काहीही म्हणेल. हा विचार फार तर चहा गार होईपर्यंत टिकला असेल. पण आला.

मग मी पेटी उघडली. नामंजूर लिफाफे ठरलेल्या मुदतीपर्यंत जपून ठेवावे लागतात. मी तुझा काढला आणि खिडकीशी उजेडात धरला. कागद जाड आहे, आतलं काही दिसत नाही. डोनाचं गोल अक्षर तेवढं दिसलं. ओट्यावर सुरी होती. एक चीर पुरली असती. फोडला नाही. तो उघडायचा अधिकार कुणालाच नाही, आणि या एका बाबतीत तरी मी नियम माझ्या सोयीचा म्हणून पाळलेला नाही.

म्हणजे माझ्याकडे फक्त तुझा शब्द आहे. मी तो धरला आहे. आधीच धरायला हवा होता.

तुझ्या वाट्याचा दोष तू मागते आहेस. नको मागू. तू एकवीस वर्षांची आहेस आणि आईच्या फोनची वाट बघत होतीस, त्याला दोष म्हणत नाहीत. मी छप्पन्न वर्षांची आहे आणि फोन माझ्या हाताशी होता.

डोना डाव्या हाताने चमचा धरते. निम्मं सांडतं, पण आता भरवू देत नाही.

आई

१६ एप्रिल

ब्रिटा,

काल गावाची वार्षिक सभा झाली. तीन दिवसांपूर्वी मी व्हर्लिनच्या घरी जाऊन त्याला आणि डोनाला आधी सांगावं असं ठरवलं होतं. त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. तेव्हा त्यांनीही ते सगळ्यांबरोबरच ऐकलं. ही आणखी एक चूक माझ्या नावावर लिही.

सभेला सत्तरेक माणसं होती. आधी रस्त्यांवरच्या खडीचा विषय झाला, त्यावर नेहमीचे लोक नेहमीचं बोलले. मग मी इतिवृत्ताची वही मिटली आणि उभी राहिले. म्हणाले, "अकरा लिफाफे अडले होते. मी दहा जणांना फोन केले. अकरावा माझ्या मुलीचा होता. आमचं भांडण होतं आणि ती त्या पक्षाला मत देईल म्हणून मी तिला फोन केला नाही. डोनाने विचारलं तेव्हा केला म्हणून खोटं सांगितलं. त्या मतपत्रिकेवर गाडीच्या बाजूने मत होतं." कुणीतरी विचारलं, ते तुला काय माहीत, लिफाफा तर बंद आहे. मी म्हणाले, "माझ्या मुलीने सांगितलं आहे." त्यावर मागून एक हसला. मी त्याच्याकडे बघत राहिले, तोपर्यंत त्याचं हसू संपलं.

मग राजीनामा टेबलावर ठेवला. कुणी तो उचलेना. हाल्व्हरसन म्हणाला, "मला तीनदा फोन केलास, आर्लिस." एवढंच म्हणाला. ते कौतुक होतं की काय, मला कळलं नाही.

व्हर्लिन उठला. जानेवारीपासून तो सगळ्यांच्या नजरा एकटा झेलतो आहे, आणि त्या मी त्याला झेलू दिल्या. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अठ्ठेचाळीस मिनिटं तू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस." आवाज चढवला नाही. मग त्याने डोनाची चाकांची खुर्ची दाराकडे वळवली.

माझ्याजवळून जाताना डोनाने खुर्चीचं चाक डाव्या हाताने धरलं, तेव्हा त्याला थांबावं लागलं. तिने माझ्याकडे बघितलं, मतदानाच्या दिवशी बघितलं होतं तसंच. तोंड हलवलं, शब्द आला नाही. मग तिने तो डावा हात उचलून कानाशी नेला, अंगठा वर, करंगळी खाली, फोन धरतात तसा. तसाच थोडा वेळ धरून ठेवला. मग व्हर्लिनने तिला नेलं.

घरी येऊन मी त्यावर विचार करत बसले. तू फोन केला नव्हतास, हे मला तेव्हाच कळलं होतं, असं ती सांगत होती? की आता तरी कर, असं सांगत होती? ठरवता आलं नाही. दोन्ही खरंच आहे.

गाडी विकली गेली आहे, ती परत येणार नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या दोन गावांबरोबर मिळून नवी घ्यायची असं काही जण म्हणताहेत. नवी कारकून महिनाअखेर येईल. तिला मी पेटीच्या किल्ल्या देईन आणि फोनची पद्धत शिकवीन. पहिलं वाक्यही सांगेन.

रविवारी दुपारी दोन वाजता मी तुला फोन करणार आहे. नाही उचललास तर अडीचला करीन, मग तीनला. हाल्व्हरसनला तीनदा केला होता, तुला त्याहून कमी करणार नाही. उचललास तर घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, फक्त एक फोन करायचा राहिला होता.

आई